दमलेला रंधा

"म्हणजे हातोडी... यावर मारायची?"

"हो."

"धारेच्या इतक्या जवळ?"

"त्याहून जवळ."

डॉक्टरांचं तोंड उतरलं. रंध्याचं धारदार पातं छातीशी कवटाळता येत नाही म्हणून, नाहीतर ते कवटाळून डॉक्टर तसेच गाडीत जाऊन बसले असते.

हे डॉक्टर म्हणजे सांगलीचे अभिनंदन शिरगुप्पे. दातांचे. निम्म्या सांगलीच्या दाढा त्यांच्या हातून गेल्या, उरलेल्या निम्म्या अजून धास्तावून आहेत.

समोर पाटावर बसलेला म्हातारा म्हणजे दाऊद मेस्त्री. खाडीकाठच्या बोरखाडीचा. तरुणपणी मालवाहू बोटीवर सुतार होता. बोट एकदा जपानच्या कुठल्याशा बंदरात दुरुस्तीला आठ महिने अडकली. बाकीचे खलाशी पत्ते कुटत बसले. दाऊद धक्क्यावरच्या तानाबे नावाच्या म्हाताऱ्या सुताराजवळ जाऊन बसला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. त्यामुळं दोघांचं भांडण झालं नाही आणि शिकणं तेवढं झालं.

तिकडचे सुतार रंधा पुढं ढकलत नाहीत, आपल्याकडं ओढतात. करवतही ओढतात. दाऊद तसंच शिकून आला आणि जन्मभर तसाच राहिला. गावानं नाव ठेवलं, उलटा मेस्त्री. नाव ठेवलं आणि दारं मात्र त्याच्याकडूनच करून घेतली.

आता डॉक्टरांचा नाद सांगायला हवा, नाहीतर माणूस एका पात्यासाठी आंबा घाट उतरून इथं कशाला येईल?

दवाखान्याच्या वर डॉक्टरांची एक खोली होती. घरात तिला जपानी खोली म्हणत. काचेच्या कपाटात अकरा रंधे, सात करवती, पटाश्यांचा पुरा संच. एक बिडाची किटली, जिच्यात पाणी कधी उकळलं नाही. एक मातीचं जाड भांडं, ज्यात भात कधी शिजला नाही. कपाटात छोटे दिवे लावलेले. दमट हवा लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात पुड्या ठेवलेल्या. पाहुणा आला की आधी चप्पल काढायची, मग श्वास धरायचा, मग आत जायचं.

त्यांची बायको सुलोचनाबाई खाली पोचलेल्या पातेल्यात आमटी करायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "अहो, एवढी हत्यारं आहेत. एखादा पाट तरी करा. बुडाला ओल लागते."

डॉक्टर पाट करत नसत. डॉक्टर सालपट काढत.

दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते एक ठरलेला रंधा नमस्कार करून कपाटातून बाहेर काढत. पाण्यात भिजवलेल्या तीन दगडांवर त्याचं पातं दोन-दोन तास घासत. मग देवदाराच्या एका गुळगुळीत फळीवरून रंधा एकदाच ओढत. जे सालपट निघे ते कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची बातमी वाचता यायची. ते दोन काचांमध्ये ठेवून खाली तारीख लिहीत. झालं. पातं पुसून परत कपाटात. पुढच्या रविवारी पुन्हा धार.

हे असं चार वर्षं चाललं. आणि एका रविवारी धार लागेना.

झालं होतं असं, की जपानी पात्याची पाठ सपाट नसते. बशीसारखी खोलगट असते. धारेलगत तेवढी दोऱ्याएवढी सपाट पट्टी, आणि सगळी मदार त्या दोऱ्यावर. पातं झिजत झिजत गेलं की एक दिवस दोरा संपतो. मग पात्याची गत बोळक्या तोंडासारखी. तोंड आहे, चावा नाही.

यावर उपाय एकच. पात्याच्या उतरत्या बाजूला वर मऊ लोखंड असतं, खाली कडक पोलाद. मऊ लोखंडावर हातोडीनं बारीक बारीक ठोकत जायचं. खालचं पोलाद केसभर पाठीकडं सरकतं आणि दोरा परत उगवतो. हातोडी तांदळाच्या दाण्याएवढी जरी घसरली, तरी पोलाद काचेसारखं तडकतं.

डॉक्टरांनी याबद्दल सगळं वाचलं होतं. सगळं पाहिलं होतं. हातोडीही घेतली होती. फक्त मारली नव्हती.

कारण पातं साधं नव्हतं. ज्या जपानी लोहारानं घडवलं तो वारला होता. त्याच्या लेकीनं डॉक्टरांच्या हातात ते देताना दोन्ही हातांनी दिलं होतं आणि कमरेत वाकली होती. असं दुसरं आता होणार नव्हतं.

मग एका लाकूडवाल्या पेशंटनं, तोंडात कापूस असताना, बोबड्या आवाजात बोरखाडीच्या उलट्या मेस्त्रीचं नाव सांगितलं होतं.

म्हणून ही वारी... म्हणजे ही खेप.

दाऊद मेस्त्रीनं पातं उजेडात धरलं. उलटं केलं. सुलटं केलं. अंगठा फिरवला. नखावर टेकवलं.

"झिजलंय."

"हो ना."

"चांगलं झिजलंय. किती दारं केली यानं?"

"दारं... नाही केली."

"खिडक्या?"

"नाही."

"पोळपाट? पाट? पाळणा?"

डॉक्टरांना सुलोचनाबाईंचा आवाज कानात ऐकू आला.

"मग झिजलं कशानं?"

"...धार लावून. चार वर्षं, दर रविवारी."

मेस्त्री त्यांच्याकडं बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता ठसका लागला. ठसका थांबला, तर पुन्हा हसला.

"चार वर्षं नवरी दर रविवारी नटली," डोळे पुसत तो म्हणाला, "आणि बोहल्याची वाट कुणी दाखवलीच नाही तिला."

डॉक्टरांना राग आला. सांगलीत त्यांच्यावर कुणी हसत नाही. तोंडात यंत्र घातलेलं असताना कोण हसणार?

"मेस्त्री, तुम्ही ठोकून द्याल का नाही, एवढं सांगा."

"देतो की."

मेस्त्रीनं ऐरणीचा तुकडा पुढं ओढला. पातं डाव्या हातात धरून कडेवर टेकवलं. उजव्या हातात छोटी हातोडी. डॉक्टर पुढं सरकले. श्वास रोखला. त्यांच्या पेशंटांचं खुर्चीत काय होतं, ते त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

टक.

टक.

टक.

"आई गं!"

हातोडी घसरली. मेस्त्रीनं डावा अंगठा उजव्या मुठीत गच्च धरला, डोळे मिटले आणि पाटावर वाकडा झाला. पातं खणकन खाली पडलं.

डॉक्टरांनी झेप घेतली.

पात्यावर.

उचललं, उजेडात धरलं, डोळ्याजवळ नेलं. धार बघितली. कोपरे बघितले. तडा नव्हता. ओरखडाही नव्हता. सुटलो, असा मोठा श्वास त्यांनी सोडला आणि मग वर बघितलं.

मेस्त्री सरळ बसला होता. अंगठा त्यांच्यासमोर ताठ धरून. अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं.

बाहेर खाडीत कुणीतरी होडी वल्हवत चाललं होतं. तेवढाच आवाज.

"तुम्ही दातांचे डॉक्टर नाही का," मेस्त्री समजुतीनं म्हणाला. "अंगठ्याला दात नसतात."

डॉक्टरांचे कान लाल झाले. पातं हातात होतं. ते कुठं ठेवावं, हे त्यांना कळेना.

"द्या इकडं. आता खरं ठोकतो."

आणि त्यानं ठोकलं. बोलत बोलत. पावसानं यंदा भाताचं बरं केलं, मशिदीचं कौल गळतंय, मुंबईच्या मुलाचा फोन रविवारी येतो. तोंड चालू, हातोडी चालू. पन्नासएक टकटक झाल्या असतील. मग लोखंडी पट्टीवर पात्याची पाठ घासली. आपल्या जुन्या दगडावर धार केली, मोजून दहा-बारा हात. पातं डॉक्टरांना दिलं.

धारेलगत दोरा परत आला होता. रुपेरी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

डॉक्टरांनी वाकून मेस्त्रीचे पाय धरले. मेस्त्रीनं पाय ओढून घेतले.

"गुदगुल्या होतात."

"मेस्त्री, मला शिकवा."

"काय?"

"धार. तुम्ही दहा हात मारलेत. मी दोन तास मारतो. माझी धार तुमच्यासारखी येत नाही. मी दगड आणलेत. गाडीत बादलीत भिजत ठेवलेत. तीनही."

"भिजलेत?"

"सकाळपासून."

"बाहेर काढा. सुकत टाका उन्हात."

"अहो, पण..."

"ऊन आज आलंय. उद्याचं सांगता येत नाही. टाका."

डॉक्टरांनी तीन दगड अंगणात कुडाजवळ ओळीनं मांडले. कोंबडीनं येऊन एकावर चोच मारून बघितली. तिलाही तो कामाचा वाटला नाही.

परत आले तेव्हा मेस्त्री रंधा ओढत होता. होडीच्या नव्या वल्ह्याची दांडी होती. बसूनच, पाय लांब करून, सर्र सर्र आपल्याकडं. सालपटं मांडीवर पडत होती. जाड होती, पातळ होती, तुटकी होती. मेस्त्री एकाकडंही बघत नव्हता. तो दांडीवर तळवा फिरवून बघत होता.

डॉक्टरांनी रंध्याकडं बघितलं आणि त्यांना गलबलल्यासारखं झालं. लाकूड काळंभोर, कोपरे गोल झालेले, हात लागून लागून पाठीला खळगा पडलेला. पातं तर बोटभर उरलेलं.

"हे त्यांनी दिलेलं? तानाबेंनी?"

"हो. दिलं तेव्हा पातं वीतभर होतं."

"उरलेलं कुठं गेलं?"

मेस्त्रीनं हनुवटीनं बाहेर दाखवलं. पलीकडं खाडीकाठानं घरं होती. दारं होती, खिडक्या होत्या. किनाऱ्यावर होड्या होत्या, एका अंगणात पाळणा टांगलेला.

"तिथं गेलं."

दांडी झाली. मेस्त्रीनं रंधा पुसला. करवंटीत खोबरेल होतं, त्यात फडकं बुडवून पात्यावरून फिरवलं. मग रंधा कुशीवर निजवला, पातं टेकणार नाही असा. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला,

"दमलास रे? नीज आता."

डॉक्टर दचकले. आपण ऐकायला नको होतं असं काहीतरी ऐकलं, असं त्यांना वाटलं.

"हे काय, मेस्त्री?"

"तानाबे म्हणायचा. त्याच्या बोलीत. शब्द मला शेवटपर्यंत कळले नाहीत."

"मग?"

"आवाज कळला. माझी आई नांगर सोडल्यावर बैलाशी अशीच बोलायची."

डॉक्टरांनी आपला रंधा बाहेर काढला. पातं त्यात बसवलं. चार वर्षांपूर्वी घेतला तसाच होता. पांढरा, चारही कोपरे टोकदार. कुणी बघत नाही असं बघून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोंड उघडलं...

आणि तोंड तसंच राहिलं. दमलास का, म्हणून विचारायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्यांनी हात काढून घेतला.

जेवायला मेस्त्रीनं पेज वाढली. भांडं चुलीवरून उतरवलं तेव्हा डॉक्टर उभेच राहिले. जाड मातीचं, दोन कानांचं, घुमटासारख्या झाकणाचं. हुबेहूब त्यांच्या कपाटातलं. फक्त याचं बूड काजळलेलं, आणि अंगावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं.

"मेस्त्री! हे भांडं तुम्ही रोज..."

"रोज पेज खातो. मग रोजच लागतं."

"माझ्याकडं आहे असंच. मी अजून काही केलं नाही त्यात. पहिल्यांदा काय शिजवावं, याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. एकजण म्हणतो..."

"पेज."

"काय?"

"नवं भांडं पाझरतं. पहिल्यांदा त्यात पेज रटरटवायची. तांदळाचा चीक भेगांत जाऊन बसतो, मग थेंब गळत नाही. जपान्यांनी हे भांडं दिलं आणि चुलीवरचं शिकवलं ते एवढंच. मी म्हटलं, हे आमच्या आजीला येतं."

डॉक्टरांनी ऊन ऊन पेज प्यायली. मीठ आणि लिंबाचं लोणचं. पहिल्या वाटीला ते भांड्याकडंच बघत होते. दुसऱ्या वाटीला भांडं विसरले. तिसरी त्यांनी मागून घेतली.

तेवढ्यात कुडापलीकडून आरोळी आली.

"दाऊदा! ए दाऊदा! जिवंत हायस का?"

"हाय गो!"

"मग माझ्या मागल्या दाराचं काय केलंस? पावसात फुगलंय, लागत नाय! मांजरानं काल दुधात तोंड घातलंन, आज सायीत!"

आत आली ती भागामावशी. शेजारीण. ऐंशीच्या पुढची, काटकुळी, एक गाल सुजल्यासारखा. दाऊदला ती तो चड्डीत असल्यापासून ओळखत होती आणि अजून तसंच वागवत होती.

"डॉक्टर करतील," मेस्त्री म्हणाला.

"कोण? हे?" तिनं डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत बघितलं. इस्त्रीचा शर्ट, घड्याळ. "हे काय करतात?"

"दात काढतात."

"माझ्या दाराला दात नायत."

"त्यांचा रंधा जपानी आहे, मावशे."

"असूदे की. माझं दार फणसाचं हाय."

डॉक्टरांनी मेस्त्रीला बाजूला घेतलं.

"मेस्त्री, जुनं दार आहे. खिळे असतील त्यात."

"असतील."

"दिसत नाहीत असे, आत गाडलेले."

"तसलेच जास्त असतील. हिच्या नवऱ्यानं ठोकलेत. त्याला खिळा सरळ ठोकताच यायचा नाही."

"मग पातं... आत्ताच तर तुम्ही दोरा काढून दिलात. खिळ्यावर गेलं तर तुकडा उडेल."

"उडेल."

"तुमच्या रंध्यानं करू?"

"माझा नुकता निजलाय."

थट्टा असेल असं डॉक्टरांना वाटलं. मेस्त्रीच्या तोंडावर थट्टा नव्हती.

अंगणात दगड सुकत होते. गाडी बाहेर उभी होती. पातं मऊ कापडात गुंडाळायचं, नमस्कार करायचा, अंधार पडायच्या आत घाट चढायचा. सांगलीत कपाटातली जागा रिकामी होती, वर छोटा दिवा होता. कुणी नावं ठेवली नसती.

कुशीवर निजलेल्या त्या काळ्याभोर रंध्याकडं त्यांनी एकदा बघितलं...

"कुठंय दार, आजी?" डॉक्टर म्हणाले.

दार मागच्या पडवीत होतं. मेस्त्रीनं बिजागऱ्या सोडवल्या. दार आडवं, कडेवर उभं केलं. एका टोकाला मेस्त्री, दुसऱ्या टोकाला भागामावशी, दोन्ही गुडघ्यांत दार धरून बसलेली, ताकाचा डेरा धरावा तशी.

डॉक्टरांनी रंधा कडेवर ठेवला. ओढला.

सालपट निघालं. ते पातळ नव्हतं. त्यातून बातमी सोडा, सूर्यही दिसला नसता. जाड, ओलसर, हळदीसारखं पिवळंधमक आणि फणसाच्या लाकडाचा वास.

डॉक्टरांनी ते उचलायला सवयीनं हात पुढं केला.

"ते चुलीला होईल," मावशी म्हणाली. "तू ओढ."

डॉक्टरांनी ओढलं. पुन्हा ओढलं. पाचव्या हाताला खांदा सैल झाला. दहाव्याला ओठ आवळायचे थांबले. कुठं लाकूड जाड आहे, कुठं गाठ आहे, रंधाच सांगायला लागला. इतकी वर्षं हा मुका आहे असं त्यांना वाटत होतं. त्याला बोलायला काही दिलंच नव्हतं.

शर्टाला घाम आला. इस्त्री गेली. घड्याळ त्यांनी काढून खिशात टाकलं. मधूनच ते हसायला लागले, आणि आपण का हसतोय ते त्यांनाच समजेना.

"ह्याला काय झालं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही," मेस्त्री म्हणाला. "ह्यांच्यावरनंच रंधा फिरला."

आणि तेव्हाच...

खट्ट!

रंधा जागच्या जागी अडला. दार हिसका बसून उसळलं, मावशीच्या गुडघ्यांतून सुटलं आणि तिच्या हातावर आदळलं. ती मागं कलली.

डॉक्टरांनी रंधा टाकला. ठेवला नाही, टाकला. तो सालपटांत कुठंतरी गडप झाला.

"आजी! हात बघू. मनगट हलवा. बोटं हलवा. इथं दुखतंय? इथं?"

"काय नाय रे..."

"मूठ करा. उघडा. चक्कर येतीय का?"

"अरे, हाताला काय धाड भरलीय?" मावशी वैतागली. "चार म्हशींची धार काढलीय ह्या हातानं. तू एवढा डॉक्टर हायस तर माझी दाढ बघ की! पंधरा दिवस ठणकतेय, हा दाऊद म्हणतो लवंग धर, लवंग धर!"

डॉक्टरांनी हात धुतले. मोबाईलची बॅटरी लावली. पडवीच्या पायरीवर बसून मावशीनं आ केला. डॉक्टरांनी डोकं आत घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

"मागची आहे. किडलीय, आणि खाली पू झालाय. आज गोळ्या लिहून देतो, दुखणं थांबेल. शनिवारी मी हत्यारं घेऊन येतो. इथंच काढू."

"दुखेल?"

"नाही दुखू देणार."

"शनिवारी नक्की?"

"नक्की, आजी."

तिनं डॉक्टरांच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा. मनगट धड असल्याचा पुरावाही मिळाला.

उरलेली कड मेस्त्रीनं पटाशीनं साफ केली. खिळा उपसून काढला. तो वाकडाच होता. दार परत बिजागऱ्यांवर चढलं. मावशीनं लोटलं.

टप्.

बसलं.

तिनं उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. बाहेरून मांजर बघत होतं. मावशीनं त्याच्या तोंडासमोर दार पाचव्यांदा लावलं आणि लहान पोरीसारखी हसली.

मग ती वाकली. सालपटं दोन्ही हातांनी बाजूला सारली. डॉक्टरांचा रंधा वर काढला, पदरानं पुसला, पायरीवर ठेवला. त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

"कष्टला बिचारा," ती म्हणाली आणि आत चुलीकडं गेली.

डॉक्टर पायरीवर एकटेच राहिले.

चार वर्षं त्या रंध्याला ते नमस्कार करत आले होते. पहिल्यांदा त्यांना वाटलं, नमस्कार त्याला पोचला.

त्यांनी पातं सैल करून बाहेर काढलं. उजेडात धरलं.

तुकडा उडाला होता. धारेच्या मधोमध, तिळाएवढा. सकाळी उगवलेल्या दोऱ्यात खाच पडली होती. बोट फिरवलं तर बोटाला लागत होती.

आता काळजात चर्र होईल, म्हणून डॉक्टर वाट बघत बसले.

...

झालं नाही.

लोहाराची ती लेक त्यांना आठवली, कमरेत वाकलेली. ती कुणापुढं वाकली होती? आपल्यापुढं, असं ते इतके दिवस समजत आले होते.

ते उठले. पात्यासह रंधा घेऊन कुडापलीकडं मेस्त्रीच्या पडवीत गेले. करवंटीतलं खोबरेल घेतलं. पातं पुसलं, रंधा पुसला. एका कोपऱ्याचं टोक मोडलं होतं, तिथंही तेल लावलं. काळ्याभोर म्हाताऱ्या रंध्याशेजारी आपला पांढरा रंधा कुशीवर निजवला. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. डोळे भरलेले होते, एवढं मात्र दिसलं.

मेस्त्री दारात उभा होता. त्यानं खोकून आपण आल्याचं कळवलं.

"मेस्त्री," डॉक्टर न वळता म्हणाले, "पात्याचा तुकडा उडाला."

"बघितला."

"तिळाएवढा."

"आवाजावरून तेवढाच वाटला."

"आता?"

मेस्त्री अंगणात गेला. कुडाजवळ तीन दगड ओळीनं पडले होते, खडखडीत वाळलेले. त्यातला एक त्यानं पायानं सरकवला. कोंबडी हाकलली. बादली विहिरीकडं ढकलली.

मग मागं वळून बघितलं...

"दगड भिजत घाला, डॉक्टर."